यवतमाळ ते मुंबई विमानाने सव्वा तास! पण ते विमान आहे कुठे?

मोबाइलवर 'यवतमाळ ते मुंबई विमानाचं अंतर' असं टाइप करून बघा. दोन सेकंदांत उत्तर येतं. हवाई अंतर साधारण ५७० किलोमीटर, लागणारा वेळ सव्वा तास. काही वेबसाइट्स तर नकाशावर छान वळणदार रेघ आणि तिच्यावर छोटंसं विमानही काढून दाखवतात. दिवाळीत घरी यायचं तिकीट शोधणारा पोरगा ते बघून खूश होतो आणि बुकिंगचं बटण शोधायला लागतो.

ते बटण सापडत नाही. कारण यवतमाळहून मुंबईला तिकीट काढून बसावं असं विमानच नाही.

गंमत म्हणजे यवतमाळला विमानतळ आहे. शहराजवळ भारी गावाच्या शिवारात धावपट्टी आहे, तिला जवाहरलाल दर्डा यांचं नाव आहे. निवडणुकीच्या काळात नेत्यांची छोटी विमानं आणि हेलिकॉप्टर येतात, गाड्यांचा ताफा निघतो, सभा होते, विमान परत जातं. सर्वसामान्य यवतमाळकर मात्र मुंबईला विमानाने जायचं असेल तर पहाटे उठून आधी नागपूरची वाट धरतो.

मग तो सव्वा तास येतो कुठून? आणि खरा वेळ किती लागतो?

आकडा कसा तयार होतो?

या वेबसाइट्सना विमानांबद्दल काहीच माहीत नसतं. त्यांच्याकडे असतात फक्त गावांचे अक्षांश आणि रेखांश. यवतमाळ साधारण २०.४ अंश उत्तर, ७८.१ अंश पूर्व. मुंबईचा विमानतळ १९.१ अंश उत्तर, ७२.९ अंश पूर्व. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरायची आणि गोलावरच्या दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर काढायचं. त्यासाठी हॅवरसाइन नावाचं एक जुनं सूत्र आहे, समुद्रावरची जहाजं नेणारे खलाशी ते वापरायचे. उत्तर येतं सुमारे ५७० किलोमीटर. इथपर्यंत सगळं बरोबर आहे.

गोंधळ होतो तो पुढच्या पायरीला. आलेल्या अंतराला ताशी ८०० किंवा ९०० किलोमीटरने भागलं जातं आणि वर उड्डाण-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवला जातो. ५७० भागिले ८०० म्हणजे ४३ मिनिटं. त्यात ३० मिळवा, ७३ मिनिटं झाली. हाच तो सव्वा तास.

यात विमान आहे का, असलं तर कोणतं, ते रोज उडतं की आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही विचारात घेतलेलं नसतं. तुम्ही उद्या 'दिग्रस ते दुबई' टाकलंत तरी ती वेबसाइट तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देईल.

अमरावतीने दाखवलेला फरक

हे गणित तपासून बघायला एक चांगलं उदाहरण यवतमाळच्या शेजारीच आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचं उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरची मुंबई-अमरावती सेवा सुरू झाली. बेलोरा ते मुंबई हवाई अंतर साधारण ५४० किलोमीटर, म्हणजे यवतमाळपेक्षा जेमतेम तीसने कमी. वेबसाइटच्या हिशेबाने हे अंतर एक तास दहा मिनिटांत संपायला हवं.

सेवा सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक काय होतं? मुंबईहून दुपारी अडीचला सुटणार, अमरावतीला सव्वाचारला पोचणार. एक तास पंचेचाळीस मिनिटं. हिशेबापेक्षा तब्बल ३५ मिनिटं जास्त.

याचं मुख्य कारण विमानाचा प्रकार. अमरावतीला येतं ते पंख्याचं एटीआर ७२. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. ताशी आठशेने उडणारी मोठी जेट विमानं, म्हणजे एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७, इथे आणायची तर धावपट्टी लांब लागते. बेलोराची धावपट्टी वाढवून १,८५० मीटर करण्यात आली आहे आणि एटीआरला ती पुरून उरते. शिवाय एटीआर इंधन कमी खातं, आणि सत्तरच माणसं मिळाली तरी भरतं. छोट्या शहरांत दोनशे सीटचं विमान आणून अर्धं रिकामं परत नेण्यापेक्षा कंपन्यांना हेच परवडतं.

म्हणजे उद्या यवतमाळहून मुंबईचं विमान सुरू झालंच, तर तेही बहुधा एटीआरसारखंच असेल, आणि पावणेदोन तास घेईल. सव्वा तास विसरा.

दुसरं कारण सगळ्यांच्या अनुभवातलं आहे. विमान कंपनी जो वेळ छापते त्यात विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि मुक्कामी जागेवर उभं राहिलं की थांबतं. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, मुंबईवर आल्यावर उतरायची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालणं, सगळं त्यात धरलेलं असतं. मुंबईच्या जुन्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एकाच धावपट्टीवर चालणाऱ्या जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांत मुंबईचं नाव घेतलं जातं ते उगाच नाही. वाऱ्याचाही हिशेब असतो. हिवाळ्यात वरच्या थरात वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणून मुंबईहून विदर्भात येताना विमानाला मागून रेटा मिळतो आणि परत जाताना तेच वारे समोरून येतात.

पश्चिमेला जायचंय? आधी पूर्वेला जा

आता यवतमाळकराचा खरा प्रवास बघू. मुंबई यवतमाळच्या पश्चिमेला आहे. नागपूर ईशान्येला, हवाई अंतराने सुमारे १२५ किलोमीटर आणि रस्त्याने दीडशेच्या घरात. म्हणजे मुंबईला जायला निघालेला माणूस सुरुवातीचे अडीच-तीन तास मुंबईपासून लांब जात असतो.

नागपूर-मुंबई हवाई अंतर जवळपास ६८० किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून या दोन शहरांमध्ये सरळ रेघ ओढली तर ती धामणगाव रेल्वेच्या अगदी जवळून जाते. धामणगाव म्हणजे यवतमाळपासून पन्नासेक किलोमीटरवरचं, यवतमाळकरांचं मुंबईची गाडी पकडायचं नेहमीचं स्टेशन. वर्धा मार्गे तीन तास गाडीत बसून नागपूर गाठायचं, तिथे तास-दीड तास रांगा लावायच्या, आणि मग विमानाने पंधरा-वीस मिनिटांत परत धामणगावच्या रेषेवर यायचं. प्रत्यक्षातले हवाई मार्ग पट्टीने आखल्यासारखे सरळ नसतात, थोडे इकडेतिकडे होतात, पण चित्र साधारण हेच.

घरापासून मुंबईत विमानतळाबाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजला तर असा होतो. नागपूरपर्यंत तीन तास, विमानतळावर आधी पोचण्यासाठी दीड-दोन तास, विमानात दीड ते पावणेदोन तास, उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा-पाऊण तास. बेरीज सहा तासांच्या पुढे, सहज सातपर्यंत. विमान सकाळी सहाचं असेल तर रात्री एकला घर सोडावं लागतं, किंवा आदल्या दिवशीच नागपुरात पाहुण्यांकडे मुक्काम. सोबत म्हातारं माणूस किंवा पेशंट असेल तर मुक्कामच बरा पडतो.

अमरावतीचं विमान सुरू झाल्यामुळे यात एक चांगली सोय झाली, आणि तिची चर्चा यवतमाळमध्ये व्हायला हवी तेवढी झालेली नाही. बेलोरा अमरावती शहराच्या दक्षिणेला आहे, म्हणजे यवतमाळच्याच बाजूला. हवाई अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. नेरवरून गाडीने गेलं तर दोन तासांच्या आत पोचता येतं. छोट्या विमानतळावर रांगा कमी. सगळं धरून पाच-साडेपाच तासांत मुंबई. अडचण एकच, पण मोठी. सुरुवातीला हे विमान आठवड्यातून तीनच दिवस ठेवण्यात आलं. मंगळवारी हॉस्पिटलची तारीख असेल आणि विमान सोमवार, बुधवार, शुक्रवार असेल, तर मुंबईत एक-दोन रात्रींच्या लॉजचा खर्च आला. तो खर्चही तिकिटातच धरायचा.

जाता जाता नागपूरबद्दल एक गोष्ट. १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून चार विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपुरात भेटायची. तिथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या शहरात परत. कारण सरळ होतं, नागपूर मधोमध. मध्य भारतातून विमान जाण्याचं महत्त्व तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. त्याच नागपूरपासून १२५ किलोमीटरवरच्या यवतमाळला त्याचा उपयोग किती झाला, हा प्रश्न वेगळा.

धावपट्टी आहे, मग विमान का नाही?

२००९ मध्ये राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) हे पाच विमानतळ रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिले. हेतू असा की खासगी कंपनी पैसा घालेल, सोयी उभ्या करेल, विमानं येतील. नांदेडला पुढे विमानं आली. यवतमाळला नियमित प्रवासी सेवा सुरू झाली नाही. हे विमानतळ परत ताब्यात घेण्याची भाषा नंतर सरकारमधूनच झाली.

९५ वर्षं हा आकडा वाचून थोडं थांबायला हवं. २००९ अधिक ९५ म्हणजे २१०४. करार झाला तेव्हा यवतमाळमध्ये जन्मलेलं मूल तो संपेपर्यंत ९५ वर्षांचं होईल. मधल्या काळात विमान आलं नाही तर काय, याचं उत्तर करार करतानाच पक्कं बांधून घ्यायला हवं होतं. यवतमाळला तर हा धडा आधीच मिळालेला होता. कापूस वाहून नेण्यासाठी सुरू झालेली यवतमाळ-मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची छोटी रेल्वे, म्हणजे सगळ्यांची लाडकी शकुंतला, स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं मूळच्या ब्रिटिश खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने आणि भाडं जायचं कंपनीला. मालक एक आणि चालवणारा दुसरा असला की रूळ दुरुस्त करायचे कुणी, यावरच वर्षं जातात. शेवटी शकुंतलाची शिट्टी थांबली.

पण सगळा दोष कराराच्या माथी मारणंही बरोबर नाही. नुसती धावपट्टी म्हणजे विमानतळ नव्हे. प्रवासी विमान उतरवायचं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा परवाना लागतो. अग्निशमन दल, सुरक्षा तपासणी, हवाई वाहतूक नियंत्रण, हवामानाची नोंद, कुंपण, हे सगळं आधी उभं राहावं लागतं. रात्री विमान उतरवायचं तर धावपट्टीवर दिवे आणि वेगळी मंजुरी. हा खर्च दिवसाला एक विमान आलं तरी तेवढाच आणि दहा आली तरी जवळपास तेवढाच.

हा तोटा भरून काढण्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये 'उडान' योजना आणली. साधारण एक तासाच्या, ५०० किलोमीटरच्या प्रवासाला निम्म्या सीटसाठी सुरुवातीला अडीच हजार रुपयांची मर्यादा घातली. त्या बदल्यात विमान कंपनीला तीन वर्षं तुटीची भरपाई, आणि राज्याने विमानाच्या इंधनावरचा व्हॅट एक टक्क्यावर आणायचा. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतली पहिली उड्डाणं झाली, त्यात नांदेड-हैदराबादही होतं. विमान होतं ट्रूजेट कंपनीचं एटीआर.

नांदेडचं पुढे काय झालं ते यवतमाळने नीट बघावं असं आहे. २०२२ मध्ये ट्रूजेटची उड्डाणं थांबली. विमानतळ होता, धावपट्टी होती, गुरुद्वाऱ्यामुळे देशभरातून येणारे भाविक होते, तरी नांदेडकर पुन्हा हैदराबादची वाट धरू लागले. २०२४ मध्ये स्टार एअरची विमानं येईपर्यंत तसंच चाललं. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरही तेच. मार्च २०२२ मध्ये मोठ्या थाटात विमान सुरू झालं, थोड्याच महिन्यांत बंद पडलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केलं. उद्घाटनाच्या फोटोत सगळेच असतात. सेवा चालू ठेवायची तर भरपाईची तीन वर्षं संपल्यावरही सीट भरतील एवढे लोक लागतात.

यवतमाळहून विमानात बसणार कोण?

२०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. आठवड्यातून तीन दिवस सत्तर सीट भरायला एवढी माणसं पुरेशी वाटतात. वणीकडे कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, जिल्हाभर कापूस आणि जिनिंग. व्यापारी आहेत, डॉक्टर आहेत, पुण्यात आयटीत काम करणारी पोरं आहेत. पण हाच जिल्हा शेतकरी आत्महत्यांमुळे आणि २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने गेलेल्या शेतकऱ्यांमुळे देशाला माहीत झाला, हेही विसरता येत नाही.

शिवाय मुंबई हा प्रश्नच अर्धवट आहे. यवतमाळच्या पोरांची खरी ये-जा पुण्याला. संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या गाड्या भरून निघतात आणि सकाळी पुण्यात पोचतात. यवतमाळ ते पुणे हवाई अंतर सुमारे ४८५ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कमीच. रात्रभराच्या या प्रवासाची किंमत काय असू शकते हे १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री दिसलं. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्यातले अनेक जण विदर्भातून नोकरी-शिक्षणासाठी निघालेले होते. त्यामुळे यवतमाळला विमान हवं की नको यावर वाद घालताना पहिला मार्ग मुंबईचा धरायचा की पुण्याचा, हे आधी ठरवावं. मंत्रालयात काम असणाऱ्याला मुंबई हवी असते. बाकी बहुतेकांना पुणे.

आणि विमानाच्या आधी रेल्वे. शकुंतला गेल्यापासून यवतमाळ शहरातून एकही रेल्वेगाडी सुटत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या ब्रॉडगेज मार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललंय. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी यवतमाळमधल्या कार्यक्रमातून वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू केला. कळंबपर्यंत आलेली रेल्वे यवतमाळला पोचली की दोन-तीनशे रुपयांत प्रवास करणाऱ्या माणसाचा जेवढा फायदा होईल, तेवढा विमानाने होणार नाही. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, पण त्या दहांत यवतमाळ नाही. धामणगावपर्यंत जाऊन तो रस्ता पकडावा लागतो.

आणि 'यवतमाळ' म्हणजे नेमकं कुठलं?

वेबसाइटसाठी यवतमाळ हा नकाशावरचा एक ठिपका आहे. प्रत्यक्षात १३,५८२ चौरस किलोमीटरचा, सोळा तालुक्यांचा जिल्हा. नेरच्या माणसाला बेलोरा अगदी जवळ, हवाई अंतराने चाळीस किलोमीटरसुद्धा नाही. त्याने नागपूरला जायचं कारणच नाही, फक्त विमानाचा वार बघून घ्यावा. पांढरकवड्याचा माणूस राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून सरळ नागपूरला जातो. वणीच्या माणसाला यवतमाळला जायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा थोडा जास्त दिला की नागपूर येतं, आणि तिथे दिवसभरात हवी तेवढी विमानं आहेत. त्यामुळे भारीला विमान आलं तरी वणीकर तिकडे वळेलच असं नाही.

उमरखेडचं तर वेगळंच. तिथून यवतमाळ रस्त्याने शंभर किलोमीटरहून जास्त, आणि नांदेडचा विमानतळ हवाई अंतराने साठच्या आसपास. पुसद, ज्या तालुक्याने राज्याला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले, तेही यवतमाळ आणि नांदेडच्या मध्ये अडकलेलं. या दोन तालुक्यांतल्या कुणी मोबाइलवर 'यवतमाळ ते मुंबई' टाइप केलं, तर स्क्रीनवर तोच सव्वा तास येतो. नांदेडहून आज विमान आहे का, असेल तर किती वाजता, हे त्याला वेगळं शोधावं लागतं.